तिसऱ्या रांगेतली मंगळी

गेल्या आठवड्यापासून सकाळी गॅलरीचं दार उघडलं की भट्टीचा वास येतो. दिवाळी होऊन गेली, भात कापून झालं, हवा कोरडी पडली, की पनवेलच्या डोंगराकडच्या गावांत विटा पाडायला लागतात आणि एकेक भट्टी पेटते. आमच्या नवीन पनवेलच्या इमारतीत हा वास कुणी ओळखत नाही. शेजारच्या वहिनी म्हणतात, कुणीतरी कचरा जाळतंय. भाताच्या तुसाचा आणि कोळशाच्या चुरीचा धूर, त्याच्या खाली ओल्या मातीचा वास. सव्वीस वर्षं या वासात मी शाळा भरवली. आता निवृत्त झाले, तरी वास यायचा तो येतोच.

तो आला की बाकीचे सगळे हंगाम बाजूला होतात आणि एकच समोर येऊन उभा राहतो. तीन वर्षांपूर्वीचा. त्या हंगामात मी कॅमेरा शिकले.

आदल्या पावसाळ्यात हे गेले होते. दिवाळीला केतकी, माझी मुलगी, बंगळुरूहून आली ती तिचा जुना कॅमेरा घेऊन. तिनं नवा घेतला होता. "आई, तुझ्या हाताला काहीतरी काम हवंय," म्हणाली आणि एक काळी जड पिशवी माझ्या मांडीवर ठेवून गेली. मोबाइलवर मी शाळेचे फोटो काढायचे, पण ते कामाचे फोटो. पोषण आहाराची पंगत, झाडं लावताना मुलं, पटसंख्या. वर पाठवले की पुसून टाकायचे, कारण फोन भरतो. हा कॅमेरा वेगळा होता. त्याच्यावर इतकी बटणं आणि इतके आकडे होते की चार दिवस मी तो नुसता कपाटातून काढून पुसून परत ठेवला.

मग एका रविवारी जुन्या पनवेलला गेले. बाजारात, भांड्यांच्या दुकानाच्या वर हनीफभाईंचा स्टुडिओ आहे. माझ्या डी.एड.च्या अर्जावरचा फोटो त्यांनी काढला होता, आणि यांचा शेवटचा फोटो मोठा करून हार घालण्याजोगा त्यांनीच करून दिला. आता त्यांचे डोळे थकलेत. काम त्यांची सून नाझनीन बघते, कॉम्प्युटरवर. हनीफभाई खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलतात. मी म्हटलं, "मला शिकवाल का?" त्यांनी कॅमेरा हातात घेतला, उलटासुलटा केला, आणि पहिल्यांदा त्याची लेन्स फिरवून काढून टाकली.

"ही बॉडी. बघा आत. काय दिसतं?"

"आरसा आहे. बाकी काळोख."

"बस, काळोखच. बाई, कॅमेरा म्हणजे काळोखाची पेटी. तिच्यात उजेड किती सोडायचा आणि किती वेळ सोडायचा, एवढंच काम आहे आपलं. बाकी सगळी बटणं त्याच्यासाठीच."

त्या रविवारपासून दर रविवारी मी जात राहिले. लेन्सच्या आत पात्यांचं एक भोक असतं, लहानमोठं होणारं. त्याला अ‍ॅपर्चर म्हणायचं. नंबर लहान तेवढं भोक मोठं. "हे उलटं आहे, पाठ करून टाका," हनीफभाई म्हणाले. मला ते पाठ होत होतं, कळत नव्हतं. मग त्यांनी मला चष्मा काढायला लावला आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सांगितलं. सगळं धुरकट. "आता डोळे बारीक करा." मी केले, आणि खरोखरच वार कळले, तारखा कळल्या. "बघा. भोक लहान केलं की पुढचं, मागचं, सगळं साफ येतं. मोठं केलं की एकच जागा साफ, बाकीचं विरघळून जातं. हल्ली लग्नात असेच फोटो मागतात. नवरी तेवढी दिसली पाहिजे, मागे उभी असलेली माणसं गायब."

मला ते विरघळणं फार आवडलं, हे कबूल केलं पाहिजे. आमच्या शाळेच्या मागे पोपडे निघालेली भिंत, तुटका नळ, पत्र्याची मुतारी. एक नंबर खाली आणला की हे सगळं नाहीसं व्हायचं आणि पुढच्या मुलाचा चेहरा पाण्यातून वर आल्यासारखा दिसायचा. केतकीला ते फोटो पाठवले की ती लगेच लिहायची, "आई, काय सुंदर!" वर्षभरात मला कुणी काही सुंदर म्हटलं नव्हतं. मी त्या मोठ्या भोकाच्या प्रेमातच पडले. हंगामभर नंबर खालीच ठेवला.

शटर म्हणजे पडदा. तो उघडतो आणि मिटतो. आकडे सेकंदाच्या भागांचे. "माणूस हलत असेल तर पडदा झटकन मिटला पाहिजे," हनीफभाई सांगायचे, "नाहीतर माणूस पुसला जातो." आयएसओ अंधारात वाढवायचा, पण फार वाढवला की चेहऱ्यावर रव्यासारखे दाणे येतात. आणि फोकस. बटण अर्धं दाबलं की चौकटीत एक लहान लाल चौकोन पेटतो. "तो जिथे पेटेल, तिथेच तुमची नजर आहे असं कॅमेरा समजतो. त्याला दुसरं काही कळत नाही. म्हणून अर्धं दाबून थांबा. सब्र करा. मग पूर्ण दाबा."

आतला तो आरसा कशासाठी, हे मी त्यांना उशिरा विचारलं. ते म्हणाले, डोळा लावतो तिथे चित्र पोचवायचं काम आरशाचं. फोटो निघताना तो उचलला जातो, नाहीतर उजेड आत कसा जाणार? "म्हणजे," मी म्हटलं, "ज्या क्षणी फोटो निघतो, त्या क्षणी काढणाऱ्याला काहीच दिसत नाही?"

"नाही दिसत. बहुत छोटा क्षण असतो. लोकांच्या लक्षातही येत नाही."

आमची शाळा दोन शिक्षकांची. मी आणि म्हात्रे सर. गावातली मुलं आता पनवेलच्या इंग्रजी शाळांत जातात. गावातल्या जमिनी प्रकल्पांत गेल्या, मोबदल्यावर घरं दुमजली झाली, काहीजणांचे ट्रेलर न्हावा शेव्याच्या बंदरात चालतात. आमच्याकडे उरतात ती गरिबाघरची दहा-बारा मुलं, आणि दिवाळीनंतर भट्टीवरची. डोंगराकडच्या वाड्यांतून कातकऱ्यांची कुटुंबं भट्टीवर येतात, पेंढ्याच्या खोपी बांधतात, आणि वैशाखात त्या मोडून परत जातात. सहा महिने त्यांची मुलं आमच्या पटावर. सकाळी वाळत घातलेल्या कच्च्या विटा उलटवायच्या, एक बाजू सुकली की दुसरी वर करायची, हे काम मुलांचं. ते उरकून ती शाळेत येतात, तेव्हा परिपाठ अर्धा झालेला असतो. म्हणून ती नेहमी शेवटच्या रांगेत उभी राहतात.

मंगळी तशी तिसऱ्या रांगेत उभी राहायची. नऊ वर्षांची असेल. दाखल्यावर वय मी अंदाजानं घातलं होतं. आधार कार्ड नव्हतं, त्यासाठी मी दोन वर्षं तिच्या बापाच्या मागे लागले होते. बडबडी नव्हती. पण त्या वर्षी कॅमेरा निघाला की ती आपली जागा सोडून माझ्या कोपरापाशी यायची. बाकीची मुलं समोर उभी राहायची, ही मागून वाकून बघायची, मी कुठलं बटण दाबते ते. एकदा मी शटरचा आकडा बदलायला विसरले तर म्हणाली, "बाई, काल तुमी ते गोल फिरवलं व्हतं." खरंच विसरले होते.

पौषात एका दुपारी ती म्हणाली, "बाई, माजा एकटीचा काढा ना."

"आज उजेड बरोबर नाही गं."

तिनं वर बघितलं. "यवढं ऊन हाय की."

"डोक्यावरचं ऊन चेहऱ्याला वाईट. डोळ्यांखाली काळं पडतं. मला जरा नीट येऊ दे, मग छान काढते तुझा."

"कवा येल तुमाला?"

"शिमग्यापर्यंत येईल."

"शिमग्याला आमी वाडीवर जातो. त्याच्या आदी काढा."

मी हो म्हटलं. नंतर तिनं आणखी दोनदा विचारलं. एकदा मी घाईत होते. एकदा बॅटरी संपत आली होती, आणि मला शाळेमागच्या सावरीच्या झाडावर बसलेल्या पक्ष्याचा फोटो हवा होता. तो पक्षी माझ्याकडे अजून आहे. पंखाची कड न् कड दिसते.

माघातल्या शनिवारी सकाळची शाळा साडेदहाला सुटली. मंगळी घरी गेली. सोमवारी मी शाळेत पोचले तर भट्टीवरचं एकही मूल आलं नव्हतं. म्हात्रे सर व्हरांड्यात उभे होते. ते याच गावचे. वर्गात पुस्तकी बोलतात, पण मनातलं बोलायचं झालं की गावचं बोलतात.

"बाई, ती मंगली गेली."

"कुठे गेली?"

त्यांनी चष्मा काढला. "गेली. शनवारी दुपारी. इटांची थप्पी पडली अंगावर."

कच्च्या विटा सुकल्या की त्यांच्या उंच थप्प्या लावतात, भट्टी रचेपर्यंत. मंगळी सावलीला म्हणून थप्पीच्या कडेला जेवायला बसली होती. खालची जमीन पाणी मुरून मऊ झालेली. थप्पी एका बाजूला कलली. एवढंच झालं. म्हात्रे सरांनी सांगितलं ते एवढंच, आणि त्याहून जास्त कुणाकडूनच मला कधी कळलं नाही. रविवारी सकाळी तिला डोंगराच्या वाटेला पुरलंसुद्धा.

मी त्याच सोमवारी भट्टीवर गेले. तिचा बाप, लहू, विटांच्या चिखलात उभा होता. काम थांबलं नव्हतं. भट्टीच्या शेठच्या माणसांनी पडलेली थप्पी परत उभी केली होती, त्यामुळे कुठली ते ओळखू येत नव्हतं. सगळ्या सारख्या, सरळ, नीट लावलेल्या. मी बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग शाळेत येऊन हजेरीपटावर तिच्या नावापुढे, पटावरून नाव काढताना लिहितात तसं, लाल शाईनं 'कमी' लिहिलं, आणि कितीतरी वेळ दुसरं काही लिहिता आलं नाही.

बारा-तेरा दिवसांनी तिची आई शाळेत आली. जाई नाव तिचं. मुलं सुटल्यावर आली आणि पायरीवर बसली, वर ये म्हटलं तरी आली नाही. पदराला चिखल होता, कामावरून तशीच आली होती.

"बाई, तुमी फोटू काढता ना पोरांचे."

"हो."

"मंगलीचा द्या. आमच्यापाशी तिचा एक पन नाय."

मी म्हटलं, "देते की. रविवारी काढून आणते." अगदी सहज म्हटलं. माझ्याकडे त्या हंगामाचे चारशेच्या वर फोटो होते. चारशे फोटोंत एक मूल नसेल असं कसं होईल?

रविवारी सकाळी स्वयंपाक न करता लॅपटॉप उघडून बसले. पहिल्या फोटोपासून सुरुवात केली. दुपारी दोनपर्यंत सगळे बघून झाले, मग परत पहिल्यापासून बघितले.

पाच फोटोंत ती होती. परिपाठाच्या फोटोत तिसऱ्या रांगेत. पहिल्या रांगेतल्या सुजलच्या पापण्या मोजता येतील इतक्या स्वच्छ, दुसऱ्या रांगेपासून सगळं विरघळायला लागलेलं, आणि तिसऱ्या रांगेत एक तपकिरी डाग, त्याच्यावर काळा डाग. तो काळा डाग म्हणजे तिचे केस. लंगडीच्या फोटोत ती धावत होती आणि पडदा मिटायला उशीर झाला होता, म्हणून ती एक आडवी रेघ झाली होती. वर्गातल्या फोटोत ती खिडकीत उभी, मागून उजेड, चेहरा पूर्ण काळा. मी तो कॉम्प्युटरवर उजळायचा प्रयत्न केला तर नुसते दाणे वर आले. आणखी एका फोटोत पाठ. आणि पंगतीच्या फोटोत चौकटीच्या अगदी कडेला ताटली धरलेला एक हात. बाकीची ती फोटोच्या बाहेर बसली होती.

प्रत्येक फोटोबरोबर कॅमेरा आकडे लिहून ठेवतो. भोक किती, पडदा किती, आयएसओ किती. मी ते एकेक वाचले. ते सगळे आकडे मी ठरवले होते. इतके दिवस जे शब्द मी वहीत लिहून पाठ करत होते, ते त्या दुपारी मला कळले.

त्याच संध्याकाळी हनीफभाईंकडे गेले. त्यांनी डोळ्यांपुढे भिंग धरून पाचही फोटो बघितले. सगळं ऐकून घेतलं.

"फोटो चांगले आहेत," ते हळूच म्हणाले. "मी शिकवलं तसेच काढलेत तुम्ही."

"यातून तिचा चेहरा काढता येईल का?"

"उजेड कमीजास्त झाला असेल तर दुरुस्त करता येतो. पण फोकस गेला तो गेला. जे आत आलंच नाही ते बाहेर कसं काढणार, बाई?"

नाझनीन पाठमोरी बसून काम करत होती. ती खुर्ची वळवून म्हणाली, "अब्बा, आता होतं. एआयवाला अ‍ॅप आहे. धुरकट चेहरा टाकला की साफ करून देतो. लोक जुने फोटो करून घेतात." तिनं परिपाठाच्या फोटोतला तो तपकिरी डाग कापून घेतला आणि अ‍ॅपमध्ये टाकला. अर्धं मिनिट एक चक्र फिरत राहिलं. मग कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक मुलगी आली. टपोरे डोळे, नितळ गाल, ओठांवर किंचित हसू. केससुद्धा विंचरलेले.

हनीफभाईंनी बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली. "ही त्या मशीननं बनवली," ते म्हणाले. "काढलेली नाही."

मला ते त्यांच्याइतकंच दिसत होतं. पण मी मंगळीचा चेहरा मनात आणून त्या मुलीशेजारी ठेवायला गेले, तर मनातलाही मला नीट पकडता येईना. एका भिवईत तिच्या खाच होती, एवढं आठवलं. डाव्या की उजव्या, ते आठवेना. दोन वर्षं ती माझ्या वर्गात होती. मी नाझनीनला म्हटलं, "छाप. फ्रेमही कर." मला जाईपुढे रिकाम्या हातानं जायचं नव्हतं. खरं कारण तेवढंच होतं.

खोपीत शिरायला वाकावं लागतं. जाई चुलीपुढे होती, लहू बाहेरून आला आणि दाराशी बसला. मी फ्रेम कागदातून काढून तिच्या हातात दिली. तिनं पदरानं काच पुसली. खूप वेळ बघितलं. काचेवर चुलीचा उजेड पडत होता म्हणून ती उठून दाराशी, ऊन होतं तिथे गेली, आणि परत बघितलं.

"कुनाची पोर हाय ही?"

मी फ्रेमवरच्या कागदाची घडी घालत राहिले.

लहू म्हणाला, "मंगलीच हाय ना. बाईंनी यवढी मेहनत केली."

"मंगलीची भिवई तुटलेली व्हती. तान्ही व्हती तवा पाट्यावर पडली ती. हिची बघ. साबूत हाय." मग ती माझ्याकडे वळली. आवाज चढला नव्हता. "खरा नाय का फोटू?"

मी पिशवीतून बाकीचे प्रिंट काढले. परिपाठाचा पुढे केला आणि तिसऱ्या रांगेतल्या डागावर बोट ठेवलं. "ही ती."

जाईनं तो फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "तुमी काढला तवा तुमाला दिसत व्हती ना ती?"

"हो. उभी होती ना समोर."

"मंग यात का नाय दिसत?"

मी तिला सांगायला लागले. लेन्समध्ये एक भोक असतं, ते मोठं ठेवलं की एकच जागा स्वच्छ येते. माझा फोकस पुढच्या मुलावर होता. ती लक्ष देऊन ऐकत होती. मी बोलत होते आणि बोलतानाच माझं मला ऐकू येत होतं.

"म्हंजे तुमी तिच्याकडं बगितलं नाय," ती म्हणाली. तिला नीट समजलं की नाही ते पडताळून बघावं, तशी म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "नाही बघितलं."

मग ती बाकीचे फोटो एकेक करून बघायला लागली. धावणारी रेघ, काळी सावली, पाठ. पंगतीच्या फोटोवर ती थांबली. तो मी चुकून बरोबर आणला होता, दाखवायचा म्हणून नव्हे. तिनं कडेच्या त्या हातावर अंगठा फिरवला.

"हा तिचा हात."

"हो."

"करंगली बगा. जन्माचीच वाकडी व्हती." आणि ती एकदम जमिनीवर बसली. खरोखरच, ताटलीच्या काठाला धरलेल्या त्या हाताची करंगळी आत वळलेली होती. त्या पंगतीत लाल चौकोन ताटल्यांवर पेटला असणार, म्हणून तो हात नखांच्या चिखलासकट स्वच्छ आला होता. मंगळीचा तेवढाच भाग माझ्या कॅमेऱ्यात गेला होता. जाईनं तो फोटो दोन्ही हातांत धरला आणि त्याच्यावर कपाळ टेकलं. लहू उठून बाहेर गेला. मी तशीच वाकून उभी होते, कारण खोपीत सरळ उभं राहता येत नाही.

फ्रेम मी परत न्यायला निघाले, तर लहूनं ती माझ्या हातातून घेतली. "ऱ्हाऊ द्या," म्हणाला. "पोरीच्या नावानं काय तरी भिंतीला पायजे. आलं-गेलं मानूस इचारतं." त्यानं ती खोपीच्या मेढीला, मधल्या खांबाला, तारेनं बांधली. दुसऱ्या दिवशी तिला झेंडूचा हारही घातला असं मुलांनी सांगितलं. हाताचा फोटो जाईनं पत्र्याच्या पेटीत ठेवला.

शिमग्याला ती माणसं वाडीवर गेली, परत आली, आणि वैशाखात खोपी मोडून गेली. मी कॅमेरा कपाटात ठेवला तो ठेवला. केतकीनं दोनदा विचारलं, नवे फोटो का पाठवत नाहीस. डोळे दुखतात, असं सांगितलं. हनीफभाईंकडे रविवारचं जाणं सुटलं. त्या विटा कुठे गेल्या असतील, असं मात्र मनात यायचं. द्रोणागिरीकडच्या नव्या इमारतींत नाहीतर आमच्याच सेक्टरात कुठेतरी लिंपून, रंग देऊन त्या आता भिंती झाल्या असतील. भिंतीकडे बघून काही कळत नाही.

पुढच्या हंगामात, दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी, जाई शाळेच्या पायरीवर येऊन बसली. त्याच भट्टीवर आले होते ते. मला वाटलं होतं येणार नाहीत. पण दुसरीकडे जायचं तर दुसरी भट्टीच होती. तिच्या मांडीवर तान्हं मूल होतं.

"पोर झाली," ती म्हणाली. "भादव्यात."

मी मनात महिने मोजले. फोटो मागायला ती याच पायरीवर आली होती, तेव्हा तिला दिवस गेलेले होते.

"हिचा फोटू काढा. जवलून. तोंड दिसंल असा."

कॅमेरा घरी होता, त्याची बॅटरी महिनोन् महिने मेलेली. "उद्या ये," हे शब्द माझ्या तोंडात आले होते. मी ते गिळले आणि पर्समधून मोबाइल काढला. पायरीवर तिच्यासमोर बसले. ऊन डोक्यावर होतं. बाळ मान फिरवत होतं, जांभया देत होतं, मूठ तोंडात घालत होतं. मी काढत राहिले. प्रत्येक फोटो काढला की जाई फोन हातात घेऊन बघायची, कान दिसतो का, कपाळ दिसतं का, आणि फोन परत द्यायची.

"आनखी काढा."

वीसेक झाले असतील. मग ती म्हणाली, "पुसू नका."

"नाही पुसणार. तुला छापून देते सगळे."

"पुडल्या म्हयन्यात परत आनते हिला. म्हयन्याला म्हयन्याला काढा. बदलतात ना पोरं." ती बाळाच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. थोड्या वेळानं माझ्याकडे न बघता बोलली, "तो फोटू मी काढून टाकला, बाई. मेढीवरचा. लय दिवस व्हता समोर. रांधताना, जेवताना. आता मंगलीला आठवाया डोले मिटते, तर तीच येते. ती भिवई साबूतवाली. आपली नाय येत."

गावातून विटांचा ट्रक गेला. धूळ खाली बसेपर्यंत तिनं बाळाच्या तोंडावर पदर धरला.

"तुमी तर रोज बगायचात तिला," ती म्हणाली. "सांगा ना. कशी दिसायची?"

मी आठवायला लागले. माझ्या कोपरापाशी वाकून उभी असलेली ती, तिचा मळका फ्रॉक, कॅमेऱ्याकडे आलेलं तिचं बोट, आणि मग मी नजर वर चेहऱ्याकडे नेली. तिथे टपोरे डोळे होते, नितळ गाल, विंचरलेले केस आणि ओठांवर किंचित हसू.

मी जाईला, मंगळी लंगडीत कशी धावायची ते सांगितलं. एका पायावर मैदानाच्या टोकापर्यंत जायची आणि तिथून परत यायची, बाकीच्यांचा दम सुटला तरी तिचा सुटायचा नाही. मी काल शटरचा कुठला आकडा ठेवला होता, तेही तिच्या लक्षात असायचं. मी बराच वेळ सांगत राहिले. जाई ऐकत होती. चेहऱ्याबद्दल मी काही बोलले नाही, आणि तिनंही परत विचारलं नाही.